हेड गास्केट गेलंय म्हणतात, पण बघितलं कुणी?

पत्र: दादा, नमस्कार. मी वाईत राहते, पाचगणीला शाळेत शिकवते. चार महिन्यांपूर्वी पुण्यातून २०१४ ची डिझेल हॅचबॅक सेकंडहँड घेतली, ९२,००० किलोमीटर झालेली. आठवड्यातून पाच दिवस पसरणी घाट, बाकी वाईतल्या वाईत मुलाला क्लासला सोडणं, भाजी, बँक. पहिल्या महिन्यापासून कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, बाटली कमी होतेय, साधारण दोन आठवड्यांत मॅक्सवरून मिनच्या खाली. पार्किंगमध्ये खाली एक थेंब नाही. टेंपरेचरचा काटा कायम मध्ये. इथल्या मिस्त्रींनी तेलाचं झाकण उघडलं, आत पिवळसर पांढरी साय होती, ते म्हणाले हेड गास्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील, गेलंय, इंजिन खोलावं लागेल, ३८,००० सांगितले. साताऱ्यात दुसऱ्यांनी बॉनेट उघडून बघितलं, ते म्हणाले रेडिएटर बदला, ९,००० मध्ये होईल. मिस्टर म्हणतात विकून टाक. मी सध्या दोन-तीन दिवसांनी नळाचं पाणी टाकून चालवतेय. कुणाचं खरं धरू?

ताई, नमस्कार. दोघांचंही धरू नका, निदान आज तरी नको. ते खोटं बोलतायत असं मी म्हणत नाही, दोघांपैकी एक जण कदाचित बरोबरही निघेल, पण तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि कूलंट कुठून जातंय ते कुणी डोळ्यांनी बघितलं असं त्यात कुठेच सापडलं नाही. एकाने तेलाचं झाकण उघडलं, दुसऱ्याने बॉनेट उघडलं, झालं. गाडी तीच, बाटली तीच, आणि आकडा ९,००० वरून ३८,००० वर जातो, याला अंदाज म्हणतात.

आधी ती साय बघू, कारण सगळी भीती तिथून सुरू झालीय. डिझेल जळलं की त्यातून पाण्याची वाफ तयार होते, त्यातली थोडी पिस्टन रिंगांच्या बाजूने खाली तेलाच्या बाजूला उतरते, हे नव्या गाडीतही होतं. इंजिन चांगलं तापून बराच वेळ पळालं तर ती वाफ उडून जाते. पण क्लास, भाजी, बँक अशा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या झाल्या की तेल पुरतं तापतच नाही, मग वाफ इंजिनातल्या सगळ्यात थंड जागी जाऊन बसते आणि ती जागा म्हणजे तुमचं तेलाचं झाकण. तिथे तेल आणि पाणी घुसळलं गेलं की ताकावर लोणी यावं तशी साय येते. त्यात तुम्ही पाचगणीला, पावसाळ्यात चार महिने धुक्यात उभी असते गाडी. तेव्हा नुसत्या झाकणावरच्या सायीवरून इंजिन खोलायला निघणं म्हणजे डोकं दुखतंय म्हणून सरळ ऑपरेशनला घेणं.

खरं बघायचं ते डिपस्टिकवर. सकाळी गाडी थंड असताना, सपाट जागेवर, दांडी काढा, पुसा, परत घालून काढा. डिझेलचं तेल काळंच असतं, त्याला घाबरू नका. काळं आहे, पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे, आणि आठ-दहा दिवसांत ती वाढत नाहीये, तर तेलात कूलंट उतरत नाहीये असं समजायला हरकत नाही. उलट दांडीवर दुधाच्या कॉफीसारखं काही आलं किंवा तेल आपोआप वाढायला लागलं तर मात्र गाडी चालूच करू नका, टो करून न्या, कारण तसल्या तेलात बेअरिंगं जातात आणि मग ३८,००० स्वस्त वाटतील. आणि तेव्हाही लगेच हेड गास्केट म्हणायचं नाही. बहुतेक डिझेल इंजिनांना तेल थंड करायला ऑइल कूलर असतो, त्यात एका बाजूने तेल आणि दुसऱ्या बाजूने कूलंट फिरतं, त्याचं सील गेलं तरी दोन्हीची मिसळ होते. फरक एवढा की इंजिन चालू असताना तेलाचं प्रेशर कूलंटपेक्षा बरंच जास्त असतं, त्यामुळे ऑइल कूलर गेला की आधी तेल कूलंटमध्ये येतं आणि बाटलीत तेलकट, चॉकलेटी गाळ दिसतो. ऑइल कूलर बदलायला हेड उतरवावं लागत नाही, हे लक्षात ठेवा.

आता थोडं माझ्याबद्दल, म्हणजे मी हे कुठून बोलतोय ते कळेल. मी अकरा वर्षं एका वर्कशॉपमध्ये काउंटरच्या पलीकडे बसलेलो आहे, जॉब कार्ड लिहायला. आपल्याकडे एक विचित्र रीत आहे, काय बिघडलंय ते शोधायचे पैसे कुणी देत नाही आणि कुणी मागतही नाही. मिस्त्री तासभर खाली झोपून बघणार, आणि आपण म्हणणार ‘बरं, सांगतो घरी विचारून’, की त्याचा तास फुकट. मग तो काय करतो, दहा मिनिटांत जे सुचेल ते सांगतो आणि पार्ट बदलून बघतो, कारण पैसे पार्टवर आणि खोलण्यावरच मिळतात. यात लबाडी असतेच असं नाही, रीतच तशी पडलीय. म्हणून माझा पहिला सल्ला पैशाचा आहे. जाऊन सरळ सांगा, ‘दादा, काम नंतर ठरवू, आधी लीक कुठे आहे ते शोधून मला दाखवा, शोधायची मजुरी काय ती वेगळी घ्या.’ एवढं म्हटलं की समोरच्याचा सूर बदलतो हे मी काउंटरच्या दोन्ही बाजूंनी अनुभवलंय. आणि जो म्हणेल की शोधायची गरज नाही, मला अनुभवाने कळतं, त्याला नमस्कार करून निघा.

‘खाली थेंब नाही’ यावरून सगळे गडबडतात, तुमचे मिस्त्रीही तिथेच फसले असावेत, बाहेर गळत नाही म्हणजे आत जळतंय असा हिशोब. पण ही कूलंटची सिस्टीम प्रेशरवर चालते. तिच्या झाकणावर, म्हणजे कॅपवर, एक आकडा छापलेला असेल, ०.९, १.१, १.४ असा काहीतरी, तो बारमध्ये असतो. १.१ म्हणजे साधारण १६ पीएसआय, तुम्ही टायरमध्ये हवा भरता त्याच्या जवळपास निम्मं. हे प्रेशर गाडी थंड असताना नसतं, गरम झाली की येतं. एखाद्या होज पाइपची क्लिप जरा ढिली असेल किंवा रेडिएटरच्या प्लास्टिकच्या कडेला केसाएवढी चीर असेल तर घाट चढताना, इंजिनावर लोड असताना, पंखा घोंगावत असताना तिथून बारीक फवारा उडतो, आणि तो पडतो कुठे तर गरम इंजिनावर, तिथल्या तिथे वाफ. तुम्ही शाळेत पोचेपर्यंत सुकलंसुद्धा. रात्री पार्किंगमध्ये प्रेशर नाही, मग थेंब कुठून येणार? तुमच्या केसमध्ये दोन आठवड्यांत बाटलीतलं अर्धा-पाऊण लिटर जात असेल, म्हणजे घाटाच्या एका दिवसाला पन्नास-पाऊणशे मिली, चहाच्या कटिंगएवढं. ते रस्त्यात उडून जायला काही अडचण नाही.

पण पाणी उडतं, बाकीचं मागे राहतं. कूलंटमध्ये ग्लायकॉल, रंग आणि गंज रोखणारी रसायनं असतात, ती सुकली की डाग राहतो, पांढरा, हिरवा, गुलाबी, जो रंग टाकलाय तसा, मिठाच्या खपल्यांसारखा. तो डाग शोधा. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना, मोबाइलचा नव्हे तर बरा टॉर्च घेऊन, आणि जिथे मान जात नाही तिथे मोबाइल आत घालून व्हिडिओ काढा. वरचा जाड होज जिथे रेडिएटरला आणि इंजिनाला बसतो ती दोन टोकं, थर्मोस्टॅटचं, म्हणजे कूलंटची वाट उघड-बंद करणाऱ्या झडपेचं, हाउसिंग कारण ते प्लास्टिकचं असेल तर दहा वर्षांत तडकतं, रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियम आणि काळं प्लास्टिक जिथे दाबून जोडलंय ती कड, खालचा होज, डॅशबोर्डच्या मागे भिंतीतून आत जाणारे हीटरचे दोन बारके पाइप, आणि ती बाटली स्वतः. बाटलीला लोक विसरतातच. दहा-अकरा वर्षांचं उन्हातापात भाजलेलं प्लास्टिक, जोडावर चीर पडते आणि फक्त गरम झाल्यावर उघडते. बाटली उचलून खालून हात फिरवा, बोट चिकट लागलं की समजा. वॉटर पंप, म्हणजे मिस्त्री ज्याला वॉटर बॉडी म्हणतात, त्याला खाली एक बारीक भोक मुद्दामच ठेवलेलं असतं, आतलं सील गेलं की तिथून पाझरायला लागतं, त्याच्याखाली ओघळाची रेघ दिसते. ब्लॉकला वाटीसारखे गोल पत्र्याचे प्लग असतात, त्यांना बरेच जण डमी म्हणतात, साधं पाणी टाकून वर्षानुवर्षं चालवलेल्या गाडीत ते आतून गंजून पाझरतात. आणि हो, पावसाळ्यात उंदीर होज कुरतडतात हे विनोद म्हणून सांगत नाहीये.

डाग सापडला तर लगेच त्याच पार्टला दोष देऊ नका, हे मी माझ्या खर्चाने शिकलोय. माझी पहिली जुनी गाडी, रेडिएटरची मागची बाजू ओली, मी स्वतः शहाणपणाने नवीन रेडिएटर घालून घेतला, आठवड्यात परत ओली. लीक होता वरच्या होजच्या क्लिपला, तिथून थेंब ओघळून खाली यायचे आणि पंख्याच्या वाऱ्याने मागे पसरायचे. साठ-सत्तर रुपयांची क्लिप होती. द्रव खाली वाहतो आणि वारा त्याला मागे ढकलतो, म्हणून ओल्यातली सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची जागा कुठली ते बघायचं, जिथे जास्त ओलं दिसतं ती नाही. बाय द वे, तुम्ही घेतली तेव्हा इंजिन पॉलिश करून चकाचक केलेलं होतं का? सेकंडहँडवाले बहुतेक करतात, त्यात हे सगळे जुने डाग धुऊन जातात, त्यामुळे तुम्हाला जे दिसेल ते गेल्या चार महिन्यांतलंच असेल, आणि एका अर्थी ते बरंच आहे.

आणखी एक जागा गाडीच्या आत. ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटपुढचं कार्पेट हाताने दाबून बघा, खालचा फोमसुद्धा. हीटरचा कोअर, म्हणजे कूलंट फिरणारा छोटा रेडिएटर, डॅशबोर्डच्या आत असतो, तो गळला तर बाहेर एक थेंब दिसत नाही, कार्पेट भिजतं, गोडसर वास येतो आणि पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं जमतं जे कपड्याने पुसलं तरी पसरतं. एसीचं पाणीही तिथे तुंबू शकतं, पण ते साधं पाणी, टिश्यू पेपर दाबून बघा, रंग नाही आणि बोटाला बुळबुळीत लागत नाही. चाखून बघायचं नाही! चवीला गोड असलं तरी ग्लायकॉल विष आहे, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात, त्यामुळे बाटली भरताना खाली सांडलं तर पाण्याने धुऊन टाका.

आता कॅप. मला तुमच्या गाडीत सगळ्यात जास्त संशय हिचा आहे आणि दोन्ही गॅरेजवाल्यांनी तिला हातही लावलेला दिसत नाही. पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं, पण पाचगणी साधारण १,३०० मीटरवर, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. इंजिनातलं तापमान साधं चालतानाच ९० च्या पुढे असतं, घाट चढून आल्यावर शंभरच्या आसपास. मग ते उकळत का नाही? कॅप प्रेशर धरून ठेवते म्हणून, आणि कूलंटमधल्या ग्लायकॉलमुळे. अर्धं कूलंट अर्धं पाणी असं मिश्रण चांगल्या १.१ च्या कॅपखाली १२५ अंशांच्या पुढे गेल्याशिवाय उकळत नाही. आता तुमचं बघा, कॅपची स्प्रिंग आणि रबर दहा वर्षं जुनं, आत तुम्ही चार महिने नळाचं पाणी टाकून ग्लायकॉल पातळ करत आणलंय, आणि घाट चढून शाळेच्या गेटवर गाडी लगेच बंद करताय. बंद केल्यावर पंप थांबतो पण इंजिनाची उष्णता थांबत नाही, पुढची पाच-दहा मिनिटं आतलं तापमान उलट वाढतं. कॅपने प्रेशर सोडलं तर नेमकं तेव्हा उकळून थोडं थोडं वाफ होऊन बाहेर जातं, तुम्ही तोवर स्टाफरूममध्ये. काटा मध्ये, खाली थेंब नाही, बाटली कमी. तुमच्या पत्रातली सगळी लक्षणं बसतात. मी खात्रीने सांगत नाहीये, तसं केलं तर माझ्यात आणि त्या मिस्त्रींमध्ये फरक काय, पण कॅप काही शे रुपयांत मिळते आणि टेस्टही करता येते, तेव्हा सुरुवात तिथून. नवीन घेताना जुनीवर जो आकडा आहे तोच घ्यायचा, जास्त आकड्याची ‘स्ट्राँग’ कॅप लावून फायदा होत नाही, पुढचा कच्चा होज फुटतो.

कॅप कुठे आहे तेही बघून घ्या. बाटलीवरच जाड, आटे असलेली, वॉर्निंगचं चित्र छापलेली कॅप असेल तर बाटलीतच प्रेशर असतं. बाटलीचं झाकण नुसतं दाबून बसणारं, हलकं असेल तर खरी कॅप रेडिएटरच्या माथ्यावर आहे, आणि मग एक घोळ होऊ शकतो, बाटली भरलेली दिसते पण रेडिएटर रिकामा, कारण कॅपचं रबर गेल्यामुळे थंड होताना बाटलीतलं परत ओढलंच जात नाही. तेव्हा अशी गाडी असेल तर थंड असताना रेडिएटरची कॅप काढून आत बघायचं. थंड म्हणजे रात्रभर उभी असलेली. घाटातून आल्यावर कापड धरून हळूच उघडते असं करू नका, मी हाताची सालं निघालेले दोन जण बघितलेत.

पुढचं काम गॅरेजचं आहे, पण तुम्हाला नाव माहीत हवं, प्रेशर टेस्ट. हातपंप आणि घड्याळासारखं मीटर असलेलं साधन असतं, थंड गाडीला कॅपच्या जागी बसवायचं, कॅपवर जो आकडा आहे तितकं प्रेशर द्यायचं आणि वीस-तीस मिनिटं सोडून द्यायचं. म्हणजे घाटातलं प्रेशर पण घाटातली उष्णता नाही, त्यामुळे जे पाझरतं ते वाफ न होता थेंब होऊन समोर दिसतं. छोट्या गॅरेजला हे नसतं, साताऱ्यात रेडिएटरचं काम करणाऱ्यांकडे विचारा, फक्त तुमच्या कॅपला बसणारा अडॅप्टर आहे का ते फोनवरच विचारून घ्या, नाहीतर फेरी फुकट. त्याच साधनावर कॅपही तपासता येते, दोन्ही करून घ्या. आणि तुम्ही तिथेच थांबा, काटा किती होता आणि किती खाली आला त्याचा फोटो काढा. काटा पडला आणि बाहेर ओलं दिसलं तर तुमचं उत्तर मिळालं. दिसलं नाही तर यूव्ही डाय नावाचा रंग कूलंटमध्ये टाकून दोन-चार दिवस घाट चालवायचा, मग निळ्या टॉर्चखाली लीक पोपटी चमकतो.

मीटरचा काटा पडतोय, बाहेर काहीच नाही, कार्पेट कोरडं, डायनेही काही दाखवलं नाही, तरच इंजिनाच्या आत बघायचं. आणि तिथेसुद्धा डिझेलमध्ये हेडच्या आधी एक संशयित आहे, ईजीआर कूलर. धुराचा थोडा भाग परत इंजिनात सोडतात, त्याआधी तो कूलंटने थंड करतात. हा कूलर आतून फुटला की कूलंट सरळ धुरात जातं, सायलेन्सरमधून पांढरा धूर, आणि कधी उलटं धुराचा गॅस कूलंटमध्ये येतो, मग बाटलीत बुडबुडे, होज टणक, हुबेहूब हेड गास्केटसारखं. हा कूलर बाजूला करून, तात्पुरता बायपास करून टेस्ट केल्याशिवाय डिझेलचं हेड उतरवू नये असं माझं मत आहे, आणि याबाबतीत मी जरा हट्टी आहे.

हेडचा पुरावा कसा मिळतो तर एक घरची खूण आहे, सकाळी थंड गाडी चालू करा आणि एका मिनिटाच्या आत वरचा होज दाबून बघा, पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून. इतक्या लवकर उष्णतेने प्रेशर येत नाही, तरीही होज टायरसारखा कडक झाला असेल तर सिलिंडरचा गॅस आत येतोय. बाटलीत सतत बुडबुडे हीसुद्धा खूण, पण नुकतंच पाणी भरलं असेल तर अडकलेली हवा सुटत असते, तेव्हा त्या दिवशी बघून उपयोग नाही. गॅरेजमध्ये यासाठी एक निळं केमिकल असतं, बाटलीच्या तोंडावरची हवा त्यातून ओढतात, धुराचा कार्बन डायऑक्साइड असेल तर रंग पिवळा होतो, डिझेलमध्ये बऱ्याचदा हिरवट. त्यात कूलंट ओढलं गेलं तर टेस्ट बाद, परत करायची. पांढऱ्या धुराचं म्हणाल तर थंडीत सकाळी पाचगणीत सगळ्याच गाड्या पांढरा धूर सोडतात, गाडी पुरती तापल्यावरही येत राहिला आणि गोडसर वास आला तर दखल घ्या. डोळे चुरचुरले आणि डिझेलचा वास आला तर तो इंजेक्टरचा वगैरे विषय, याच्याशी संबंध नाही.

एवढं करून हेडच निघालं तर मग ३८,००० वर भांडत बसू नका, त्यात काय काय धरलंय ते लिहून घ्या. हेड उतरवल्यावर त्याची प्रेशर टेस्ट आणि फेसिंग, म्हणजे खालची बाजू घासून सपाट करणं, नवीन हेड बोल्ट, आणि त्याच खोलण्यात टायमिंगचं किट आणि वॉटर बॉडी, कारण मजुरी तीच. जुनं गास्केट तुमच्या हातात द्यायचं, कुठे जळलंय ते बोटाने दाखवून.

रेडिएटर निघाला तर बदलाच, प्लास्टिकच्या कडा चिकटवून टिकत नाहीत. लीक बंद करायची पावडर कुणी सुचवली तर नको म्हणा. जुने जीपवाले रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायचे, भोक बुजायचं आणि गाडी गावापर्यंत पोचायची, तात्पुरतं म्हणून भारी उपाय होता, त्या पितळी रेडिएटरला चालायचाही. आजच्या रेडिएटरच्या आणि हीटरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की पावडर भोकासोबत त्याही बुजवते. तुमच्या बाटलीच्या तळाला दाणेदार चॉकलेटी गाळ असेल तर आधीच्या मालकाने असला काहीतरी प्रकार केलाय का अशी शंका घ्या आणि टेस्ट करणाऱ्याला आधीच सांगा.

तोवर घाट कसा चालवायचा? नळाचं पाणी बंद, बोअरचं तर नकोच, क्षार बसतात. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मिळतो तो आणि आतल्या रंगाचं नव्हे तर मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकारचं कूलंट, अर्धं अर्धं. रंगावर जाऊ नका, रंग कंपनी स्वतःच्या मर्जीने घालते. बाटलीवर मिन-मॅक्सच्या जागी इन्सुलेशन टेपची पट्टी चिकटवा, सकाळी थंड असतानाच बघा, किलोमीटर आणि तारीख वहीत लिहा, कारण संध्याकाळी गरम असताना पातळी वर चढलेली असते आणि लोक एक दिवस गरम, एक दिवस थंड बघून ‘कमी झालं’ म्हणतात. तुमच्या वहीत दोन आठवड्यांचे आकडे असले आणि घाटाचे दिवस वेगळे दिसले तर मिस्त्रीचं निम्मं काम तुम्हीच केलेलं असेल.

टेंपरेचरच्या काट्यावर मात्र विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम संथ केलेला असतो, ऐंशीपासून शंभरपर्यंत मध्येच बसून राहतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. त्याहून वाईट म्हणजे कूलंट फारच कमी झालं की सेन्सर हवेत राहतो आणि काटा चक्क खाली दाखवतो, इंजिन आत भाजत असताना. स्टेअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा ब्लूटूथ स्कॅनर घ्या, मोबाइलवर खरा आकडा दिसतो. घाटात तो ११० च्या पुढे चढायला लागला तर एसी बंद, हीटर फुल आणि ब्लोअर फुल, घाम निघेल पण इंजिनाची उष्णता आत ओढली जाते, आणि पहिली सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या. बॉनेट उघडा, कॅप उघडू नका, आणि कुणी भला माणूस बिसलेरी घेऊन गरम इंजिनावर ओतायला आला तर त्याला चहा पाजा पण पाणी ओतू देऊ नका.

मिस्टरांचं विकण्याचं म्हणणं चूक नाही, पण आत्ता विकलीत तर घेणारा बाटली बघणार, तोही ३८,००० मनात वजा करणार, आणि कदाचित कॅप बदलून पुढे विकणार. आधी डिपस्टिक, मग कॅप, मग प्रेशर टेस्ट, सगळं मिळून एका शनिवारचं काम आहे. कॅपवर छापलेला आकडा आणि मीटरचे दोन्ही फोटो मला पाठवा, पुढचं त्यावरून बोलू.